बेगडाचा गळ आणि किंग सॅल्मन: लडिंग्टनची ट्रिप

गुरुवार

शिकागोहून मिशिगन राज्यातल्या लडिंग्टनला जायचं तर लेक मिशिगनला खालून वळसा घालून सरळ गाडीने जाता येतं, चार-साडेचार तासांचा रस्ता आहे. पण ह्या वेळी दोस्ताचे बाबा मालवणहून आलेले, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, आणि काकांना बोट दाखवायची होती. मग विस्कॉन्सिनात मॅनिटोवॉकपर्यंत गाडी आणि तिथून एसएस बॅजर. ही १९५३ पासून चालणारी आगबोट, ४१० फूट लांब, मूळची रेल्वेचे डबे वाहून न्यायला बांधलेली, आणि अजूनही खराखुरा कोळसा जाळते. पूर्वी कोळशाची राख सरळ लेकमध्ये सोडायचे, २०१५ च्या सीझनपासून ते बंद झालं. गाडी आपण चढवायची नसते, किल्ली देऊन टाकायची, त्यांची पोरं ती रिव्हर्समध्ये अशी काही सुसाट आत घालतात की दोस्ताने डोळेच मिटले.

चार तास पाणीच पाणी. काका डेकवर रेलिंगला धरून उभे, तासाभराने म्हणाले, "ह्येका तळा कोण म्हणता रे?" मग त्यांची मुंबई-गोवा बोटीची गोष्ट सुरू झाली, कोकण सेवक मालवणला लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं, पेट्या, कोंबड्या सगळं किनाऱ्याला यायचं. बाजूला एक विस्कॉन्सिनचं जोडपं बसलेलं, त्यांना दोस्ताने भाषांतर करून सांगितलं तर ती बाई काकांना दोनदा विचारते, कोंबड्या पण? हो, कोंबड्या पण.

(टीप: बोट सुटते सेंट्रल टाइमने आणि पोचते ईस्टर्न टाइमला. दुपारी दोनला निघालो, संध्याकाळी सातला पोचलो, घड्याळात एक तास गेला. रात्रीचं जेवण कुठे बुक केलं असेल तर हे लक्षात ठेवा. पण उजेडाची काळजी नको, ऑगस्टच्या मध्यात इथे सूर्य जवळपास नऊला मावळतो.)

सामान टाकून सरळ मरिनात गेलो. संध्याकाळच्या चार्टर बोटी, म्हणजे मासेमारीसाठी कॅप्टनसकट भाड्याने मिळणाऱ्या बोटी, परत येत होत्या. प्रत्येक बोटीवरून कूलर उतरतोय, मासे लाकडी पाटीवर टांगले जातायत, फोटो, मग फिश क्लीनिंगच्या टेबलावर सुरी. काका तिथे रमले. एका बोटीवरची मेट, म्हणजे कॅप्टनची मदतनीस, कॉलेजातली मुलगी असेल, रॉड पुसून ठेवत होती आणि प्रत्येक रॉडला पुढे एक वीतभर चकचकीत पट्टी आणि तिच्या मागे दोरीवर बेगडाच्या झिरमिळ्यांचा झुपका. हिरवा, पांढरा, निळा. काकांनी तो हातात घेतला, उलटा केला, आत गळ बघितला आणि म्हणाले, "अरे ही तर राखी आसा!" राखी पौर्णिमा नुकतीच झालेली, दोस्ताला त्याच्या बहिणीने पाठवलेली राखी अजून त्याच्या हातात होती, शेजारी धरून बघितली तर काकांचं काही चुकत नव्हतं.

तर हीच ती ट्रोलिंग फ्लाय. फ्लाय फिशिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दोरी हवेत फिरवणारा माणूस येतो, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. इथे बोट हळू चालत राहते आणि मागे खोल पाण्यात हा झुपका ओढला जातो. पॅसिफिकच्या बाजूला, म्हणजे व्हँकुव्हर आयलंड, प्यूजेट साउंड वगैरे, ह्याची जुनी परंपरा आहे, तिथे कोहो सॅल्मनसाठी हरणाच्या शेपटीच्या केसांची बकटेल बांधतात आणि बोटीच्या अगदी मागे, इंजिनाच्या फेसात, वरच्या वर ओढतात. पूर्वी पोलर बेअरचे केस वापरायचे, पाण्यात त्यांना जी चमक येते ती दुसऱ्या कशाला येत नाही म्हणतात, पण अमेरिकेत १९७२ चा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा आला आणि तो धंदा संपला. ग्रेट लेक्सवर मात्र केस नाहीत, सगळं मायलार. म्हणजे बेगडच.

शुक्रवार

पहाटेची बोट बुक होती. आदल्या रात्री साडेनऊला कॅप्टनचा मेसेज, वेस्टचा वारा, लाटा चार ते सहा फूट, उद्या नाही, रविवारी चालेल का. चालेल. ही माणसं ह्या बाबतीत अजिबात रिस्क घेत नाहीत आणि त्याला इतिहास आहे. १९६७ च्या सप्टेंबरात, इथून थोडं वर प्लॅट बेमध्ये, कोहोचा नुसता ताप चढला होता लोकांना, कोणीही उठून मिळेल त्या होडक्यात बसून लेकमध्ये जात होतं, आणि २३ तारखेला अचानक वादळ आलं त्यात सात जण बुडाले.

मग दिवस मोकळा झाला म्हणून वर प्लॅट रिव्हरच्या स्टेट फिश हॅचरीला गेलो, तासाभराचा रस्ता. लेक मिशिगनच्या सॅल्मनची गोष्ट कळायची असेल तर इथे जायलाच हवं, कारण हा मासा इथला नाहीच. मूळचा मोठा मासा म्हणजे लेक ट्राऊट, त्याला १९४० आणि ५० च्या दशकांत सी लॅम्प्रीने जवळपास संपवलं. लॅम्प्री म्हणजे वामीसारखा लांब, गोल तोंडाचा, दुसऱ्या माशाला चिकटून रक्त पिणारा जीव, कालव्यांमधून वर आलेला. मोठा मासा संपला तसा एलवाइफ नावाचा छोटा मासा, आपल्या तारलीच्याच खानदानातला, इतका माजला की १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे बीचवर ढीग पडले, लोडरने उचलावे लागले. त्याच्या थोडं आधीच, एलवाइफ वाढत असताना, हॉवर्ड टॅनर हा मिशिगनच्या मत्स्य विभागाचा प्रमुख होता. त्याने ओरेगनकडून कोहोची अंडी मागवली आणि १९६६ च्या वसंतात पिल्लं ह्याच प्लॅट रिव्हरमध्ये आणि मॅनिस्टीच्या बेअर क्रीकमध्ये सोडली. पुढच्या वर्षी चिनूक. ज्याला इथे सगळे किंग म्हणतात तो हाच. एलवाइफ खाऊन हे मासे असे फुगले की पॅसिफिकवाल्यांनी तोंडात बोट घालावं.

स्टीलहेड त्याच्याही आधीचा, १८७६ पासून मिशिगनमध्ये आहे. तो मुळात रेनबो ट्राऊटच, फक्त नदीत जन्मून मोठ्या पाण्यात जाणारा आणि अंडी घालायला परत नदीत येणारा. सॅल्मन अंडी घातली की मरतो, स्टीलहेड मरेलच असं नाही.

हॅचरीत लांबच लांब सिमेंटचे हौद आणि त्यात बोटाएवढी पिल्लं, काळी सावली हलल्यासारखी सरकतात. काका हौदाच्या कडेला उकिडवे बसून बराच वेळ बघत होते. त्यांना एकच प्रश्न पडला, सरकार मासे वाढवतं, लेकमध्ये सोडतं, आणि पकडणारा दुसराच? दोस्ताने सांगितलं की पकडणाऱ्याच्या लायसन्सच्या पैशातूनच हे चालतं. काकांना ते पटलं आणि पटलं नाही पण. आता तर अर्ध्याच्या वर किंग लेकमध्ये नैसर्गिकरीत्या, नदीत जन्मलेले असतात, म्हणजे पाहुणे कधीच घरचे झाले.

येताना रस्त्यावर ब्लूबेरी घेतल्या, आणि मका. स्वीट कॉर्नच्या ठेल्यावर माणूसच नव्हता, एक डबा आणि पाटी, पैसे टाका आणि घ्या. वहिनीने सुट्टे नव्हते म्हणून पाचची नोट टाकली आणि मग पाच डॉलरची होतील इतकी कणसं मोजून घेतली. पुढचे दोन दिवस आम्ही मकाच खात होतो.

(टीप: लायसन्स ऑनलाइन काढा. २४ तासांचं आम्ही काढलं तेव्हा दहा डॉलर होतं, बाहेरच्या राज्यातल्यांनाही तेवढंच. सतरा वर्षांखालच्यांना लागत नाही. रॉड एका माणसाला तीन चालतात. किती मासे ठेवायचे ते दरवर्षी बदलू शकतं, त्या वर्षीचं रूलबुक बघूनच जा.)

शनिवार

वारा सकाळी पण होताच. गावातल्या एका टॅकल शॉपमध्ये गेलो, आणि इथे माझ्या दृष्टीने ट्रिप सुरू झाली.

दुकानात मागच्या बाजूला एक टेबल, त्यावर व्हाइस, म्हणजे छोटा शिकंजा, लावलेला, आणि सत्तरीचा एक माणूस फ्लाय बांधत बसलेला. दुकान त्याचं नाही, त्याच्या पुतणीचं, तो फक्त बांधतो. आम्ही बघत उभे राहिलो तर त्याने न विचारता खुर्ची सरकवली. काकांनी खुर्ची घेतली, आम्ही उभेच.

आधी एक प्लॅस्टिकची बारीक नळी, दीड-दोन इंच, व्हाइसमध्ये धरलेल्या सुईवर चढवली. मग मायलारच्या पट्ट्यांची एक जुडी, साधारण बोटभर लांबीची दुप्पट. पट्ट्या गुळगुळीत नसतात, काही चुरगळल्यासारख्या असतात त्यामुळे उजेड तुटून तुटून पडतो. ही जुडी मधोमध नळीच्या टोकावर ठेवायची, दोऱ्याचे दोन सैल वेढे, आणि मग अंगठ्याने दाबत दाबत गोल फिरवत जायचं म्हणजे पट्ट्या नळीच्या सगळ्या बाजूंनी सारख्या पसरतात. हे दिसायला सोपं, पण इथेच हात कळतो. एका बाजूला पट्ट्या जास्त झाल्या की पाण्यात झुपका कलतो. मग दोरा घट्ट. आता पुढच्या बाजूला असलेला अर्धा भाग मागे दुमडायचा, आणि दुमडीवर पुन्हा दोरा. म्हणजे पट्टी दोनदा बांधली गेली, ओढली तरी निघत नाही. वर रेझिनचा थेंब, छोट्या यूव्ही टॉर्चने काही सेकंदात काचेसारखं कडक. शेवटी कात्री, आणि ती सरळ नाही मारायची, पट्ट्या कमीजास्त लांबीच्या ठेवायच्या.

गळ त्यात बांधलेला नसतोच. लीडर, म्हणजे फ्लाय पुढच्या चकचकीत पट्टीला जोडणारी ५० पौंडी दोरी, नळीतून ओवायची, मागे चार-पाच मणी, आणि मग तिहेरी गळ. मणी कशाला, तर गळ झुपक्याच्या अगदी शेवटाला यावा म्हणून, नाहीतर मासा नुसती शेपटी चावून जातो. मासा लागला की नळी लीडरवरून वर सरकते, झुपका त्याच्या दातांतून वाचतो. दुकानातली स्वस्तातली फ्लाय दोन-तीन किंगमध्ये टक्कल होते, ह्या माणसाची एक फ्लाय त्याने दाखवली, हिरव्याची पार पिस्ता रंगाची झालेली, तिसरा सीझन चालू.

मी विचारलं, कुठला रंग सगळ्यात चांगला. सगळेच हा प्रश्न विचारत असणार कारण त्याने वर पण बघितलं नाही. म्हणाला, रंग गिऱ्हाइकासाठी, माशासाठी लांबी. आणि मग टेबलाखालून फ्लॅशर काढला, तीच ती फ्लायच्या पुढची चकचकीत पट्टी.

हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. फ्लाय स्वतः काहीच करत नाही. नुसती ओढली तर सरळ रेषेत मेल्यासारखी येते. जीव येतो तो पुढच्या पट्टीमुळे. डॉजर असेल तर तो डावी-उजवीकडे हेलकावे खातो, फ्लॅशर असेल तर गरगर पूर्ण गोल फिरतो, आणि त्या फिरण्याचा झटका लीडरमधून मागे फ्लायला बसतो. म्हणून लीडर जाड, ५० पौंडी, मासा तेवढा जड असतो म्हणून नाही तर मऊ दोरी झटका गिळून टाकते म्हणून. आणि म्हणून लांबी. आठ इंची डॉजरच्या मागे सोळा ते वीस इंच, अकरा इंची फ्लॅशरच्या मागे चोवीसपासून छत्तीसपर्यंत. आखूड केली की फ्लाय पिसाळल्यासारखी नाचते, लांब केली की आळसावते. कुठल्या दिवशी माशाला काय हवं ते त्या दिवशीच कळतं. त्याच्या टेबलाच्या कडेला खिळ्याने खुणा केलेल्या, प्रत्येक लीडर तिथे मोजून बांधायचा आणि पाकिटावर पेनाने इंच लिहायचा. रंग लिहायचा नाही, तो दिसतोच.

काका इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यांच्या वाडीतला एक जण बांगड्याला असाच गळ करायचा, सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून. "माशाक रंग काय कळता, तेका धावता तां दिसाक व्हया." दोस्ताने इंग्लिशमध्ये सांगितलं. म्हातारबाबांनी पहिल्यांदा हातातलं काम थांबवलं आणि काकांकडे व्हाइस सरकवला.

काकांनी एक बांधली. हिरवी नाही, पांढरी आणि निळी नाही, त्यांनी डब्यातून केशरी आणि सोनेरी पट्ट्या निवडल्या, मध्ये हिरव्याची एक पातळ रेघ. तिरंगा वगैरे काही नाही, त्यांना आवडली एवढंच. दोरा त्यांनी व्हाइस न बघता बोटांनी आवळला, रेझिन नको म्हणाले, गाठच अशी मारली की म्हातारबाबांनी दाताने ओढून बघितली. पसरवणं मात्र नीट जमलं नाही, एका बाजूला थोडी जास्त झाली. तो माणूस काही बोलला नाही, फक्त बोटाने ती बाजू दाखवली. काका म्हणाले, "असां दे."

मी पण एक बांधली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

(टीप, ज्यांना घरी करायचंय त्यांच्यासाठी: व्हाइस महागडा लागत नाही. मायलारची जुडी, नळ्या, मणी, दोरा, रेझिन, गळ, एवढ्यावर भागतं. दुकानात तयार फ्लाय सहा-सात डॉलरला पडते, घरी सामानाचा खर्च तिच्या बऱ्याच आत येतो, पण पहिल्या काही फुकट जातात ते धरा. पैसे वाचवायला म्हणून करू नका. लीडरची लांबी आपल्या मनासारखी ठेवता येते आणि फाटली तर दुरुस्त करता येते, तेवढ्यासाठी करा.)

दुपारी वारा पडला. स्टेट पार्कात गेलो, बिग सेबल पॉइंटचा दीपस्तंभ, १८६७ चा, काळा-पांढरा, ११२ फूट. गाडी तिथवर जात नाही, वाळूतून साधारण पावणेदोन-दोन मैल चालायचं आणि तेवढंच परत. काकांनी चप्पल हातात घेतली आणि आमच्या पुढे.

रविवार

पहाटे पाचला धक्क्यावर. मिट्ट काळोख, थंडी, ऑगस्टात जॅकेट लागलं. इथे सूर्य उगवतो पावणेसातला, टाइमझोनच्या पार पश्चिम टोकाला आहे ना हा भाग. अशा छोट्या चार्टर बोटीवर जास्तीत जास्त सहा पाहुणे, कोस्ट गार्डचा नियम, आम्ही पाच, वहिनी आणि दोस्ताचा पोरगा धरून. मेट तीच, गुरुवारची मुलगी, तिने काकांना ओळखलं.

बंदराच्या तोंडाशी असलेल्या, १९२४ च्या निमुळत्या पांढऱ्या दीपस्तंभाला वळसा घालून बाहेर पडलो तोपर्यंत तिने फ्लाय टॉर्चखाली धरायला सुरुवात केली. काही फ्लायचं डोकं अंधारात चमकणारं असतं, त्याला आधी उजेड पाजावा लागतो. एकेक फ्लाय हिरवट पेटल्यासारखी होऊन काळ्या पाण्यात उतरत होती, सात, आठ, नऊ रॉड, कोणाला डाऊनरिगर, म्हणजे तारेला बांधलेला जड शिशाचा गोळा जो दोरी खाली नेतो, कोणाला डिप्सी डायव्हर, म्हणजे तिरकी तबकडी जी दोरी बाजूला आणि खाली ओढते. गोंधळ होत नाही कसा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कॅप्टन आधी वैतागलेला. दोन दिवस वेस्टचा वारा वाहिला की वरचं कोमट पाणी ह्या किनाऱ्यावर येऊन साचतं आणि थंड थर खाली दाबला जातो. किंगला पाणी लागतं साधारण ५० ते ५५ फॅरनहाइट, वर होतं ७० च्या आसपास, आणि ते थंड पाणी गेल्या आठवड्यात साठ-सत्तर फुटांवर होतं ते आता शंभरच्या खाली गेलेलं. गोळ्याजवळ एक यंत्र असतं, खालचं तापमान आणि खालचा वेग सांगणारं. बोट वर सव्वादोन मैलांनी चालली असली तरी खाली प्रवाहामुळे फ्लायचा वेग वेगळाच असतो, उत्तरेला जाताना एक आणि दक्षिणेला येताना दुसरा. तो सारखा गिअर पुढे-मागे करत होता आणि तोंडाने स्वतःशीच आकडे.

पहिला किंग उजाडायच्या आत. रॉड वाकला, सुटला, आणि रील ओरडायला लागली, पोरगा ओरडायला लागला, मेटने रॉड काढून सरळ पोराच्याच हातात दिला. तो दहा वर्षांचा, मासा सतरा पौंडांचा. मध्येच त्याने रडवेल्या आवाजात बाबा धरा म्हटलं आणि दोस्त पुढे झाला तर मेट म्हणाली, नो. एवढंच. पोराने आणला. हिरवी फ्लाय, पांढरा फ्लॅशर, तीस इंच, मी विचारून घेतलं.

लडिंग्टनलाच २०२१ च्या ऑगस्टात ४७.८६ पौंडांचा किंग निघालाय, मिशिगनचा रेकॉर्ड, त्याआधीचा १९७८ चा होता. कॅप्टनने ही माहिती पोराचा फोटो काढताना दिली, जरा टायमिंग चुकलंच त्याचं.

मग दोन किंग अजून, एक तुटून गेला. आणि मग काहीच नाही. काकांची केशरी फ्लाय मेटने सुरुवातीलाच लावलेली, कॅप्टनने ती बघितली पण पाहुण्यांची म्हणून ठेवली, सकाळभर ती नुसती फिरत होती. साडेआठला कॅप्टन बाहेर खोल पाण्याकडे निघाला, खाली अडीचशे फूट पाणी, स्टीलहेडसाठी. स्टीलहेड वरच्या थरात, तीस-चाळीस फुटांत हिंडतो, कोमट आणि गार पाणी वर जिथे एकमेकाला भिडतं तिथे एक मळकट रेषा तयार होते, त्यात किडे, पिसं, फेस अडकतो, तिथे तो चरायला येतो. इथे बहुतेक जण त्याला केशरी स्पून, म्हणजे चमच्यासारखी धातूची पट्टी लावलेला गळ, लावतात. म्हटलं आता काकांची वेळ. रंग बरोबर, जागा बरोबर.

स्टीलहेड लागला, आणि लागला कशाला तर किंगसाठी सोडलेल्या, वर घेताना मध्येच राहिलेल्या हिरव्या फ्लायला. रॉड वाजायच्या आधी मासाच दिसला, बोटीच्या मागे तीनेक फूट हवेत, चांदीसारखा, पडला, परत वर. किंग खाली खेचतो, दाबून, बैलासारखं नाही म्हणणार पण हटून. हा नुसता उडतो. वहिनीच्या हातात रॉड होता आणि ती दर उडीला दोरी सैल सोडत होती, ते करायचं नसतं, तरी मासा आला. आठ पौंड. नशीब म्हणतात ते हेच.

काका उठून मेटकडे गेले आणि हातवारे करून सांगितलं, दोरी कमी कर. त्यांच्या फ्लायचा लीडर अठ्ठावीस इंच होता. मेटने कॅप्टनकडे बघितलं, त्याने खांदे उडवले. कापून वीस इंचावर आणला, फ्लॅशर काढून डॉजर लावला आणि परत येताना गोळा पार तळाजवळ सोडला. एका बाजूला जड असलेली ती फ्लाय डॉजरच्या मागे बोटीच्या कडेला ओढून बघितली तर वेडीवाकडी, लंगडत पळणाऱ्या माशासारखी दिसत होती.

वीस मिनिटांनी रॉड हलला. ओरडाआरडा नाही, रील नाही, नुसता जडपणा. काकांनी स्वतः आणला, न घाई करता, गुडघ्यावर रॉड टेकवून. लेक ट्राऊट. करडा, पांढऱ्या ठिपक्यांचा, आठ-नऊ पौंडांचा.

कॅप्टनने "ग्रीझर" म्हणून तोंड वाकडं केलं. लेक ट्राऊट तेलकट असतो, लढत नाही, चार्टरवाल्यांना त्याचं कौतुक नाही. मला मात्र गंमत वाटली, अख्ख्या कूलरमध्ये हा एकटाच इथला मूळचा मासा, त्यालाच सगळे नाकं मुरडतात. काकांना दोस्ताने हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग हो माका." आणि वेगळा ठेवायला लावला.

(टीप: लाटा दिसत नसल्या तरी बोट लागते. गोळी रात्री झोपताना एक आणि पहाटे एक, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. केळी बोटीवर नेऊ नका, अपशकुन मानतात आणि खरंच चिडतात. पाच-सहा तासांचं चार्टर आम्हाला सातशे डॉलर पडलं, मेटची टीप वेगळी, पंधरा-वीस टक्के धरा, ती तिची खरी कमाई.)

संध्याकाळी कॉटेजवर स्वयंपाक. वहिनीने मालवणी मसाला, आगळ, तिरफळं सगळं घरून आणलेलं. किंगचे तुकडे रव्यात घोळवून तळले, उत्तम. कालवण केलं, पण सॅल्मनला स्वतःचं तेल इतकं असतं की त्यात खोबरं घातलं की जड होतं, दुसऱ्यांदा करताना नुसतं आगळ-मिरचीचं तिखलं करा. काकांचा लेक ट्राऊट मात्र ग्रिलवर, हळद-मीठ-आगळ लावून, कणसांच्या शेजारी. चरबी गळून गेली आणि चव आली. काका म्हणाले, "सुरमयची सर नाय, पण वायट नाय." ह्याच्यावर त्यांच्याकडून मिळणार नाही.

एक सांगायचं राहिलं, मोठे आणि तेलकट मासे रोज खाऊ नका. पीसीबी, म्हणजे कारखान्यांतली विषारी रसायनं, चरबीत आणि पारा मांसात साठतो, मिशिगन सरकारची कुठला मासा महिन्यात किती खावा ह्याची गाइड आहे ती बघा. पीसीबी चरबीत असतं, तेव्हा कातडं आणि पोटाकडची चरबी काढून टाकली की बरंच कमी होतं. पारा तसा निघत नाही. लहान मुलं आणि गरोदर बायका असतील तर नक्कीच बघा.

सोमवार

परत गाडीने, यूएस ३१ धरून खाली. निघायच्या आधी टॅकल शॉपला थांबलो. काकांना मायलार हवं होतं, चांदीसारखं आणि हिरवं, मालवणला न्यायला, बांगड्याला लावून बघायचं म्हणे. म्हातारबाबा नव्हते, पुतणी होती. काकांनी लेक ट्राऊटचा फोटो तिला दाखवायला लावला, फ्लाय दिसेल असा. ती हसली आणि म्हणाली फोटो मला पाठवा, अंकलला दाखवते, पण तो आधी लीडर किती इंच होता तेच विचारेल.

वीस, दोस्त म्हणाला. तिने तो आकडा पावतीच्या मागे लिहून ठेवला.

गाडीत दोस्त आणि काका ह्यांचं भांडण जुंपलं ते साउथ हेवनपर्यंत. दोस्ताचं म्हणणं लेक ट्राऊट तळाला होता म्हणून लागला, तिथे काहीही सोडलं असतं तरी लागला असता. काकांचं म्हणणं मग तिथेच बाजूला दुसरा गोळा होता, त्याला का नाही लागला. ह्यावर दोस्ताकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडे पण नाही. वहिनी म्हणाली, माझा स्टीलहेड त्या लेक ट्राऊटहून मोठा होता. आठ पौंड आणि आठ-नऊ पौंड, वजन कोणी नीट केलंच नव्हतं, त्यामुळे तेही भांडण चालू आहे.

(शेवटची टीप: विमानाने परत जाणार असाल तर गळ चेक-इन बॅगेत, टोकांना बूच लावून. केबिन बॅगेत नकोच, मोठे गळ सिक्युरिटीवाले काढून घेऊ शकतात. मायलारला काही होत नाही, फक्त घडी घालू नका, गुंडाळी करून न्या, नाहीतर पट्ट्यांना मोड येते आणि ती जात नाही.)